राखणदाराच्या पायाचं माप

मे महिना संपत आला की मालवणच्या बाजारात आंब्यांच्या पेट्या कमी होतात आणि चपलांचे घोस वाढतात. दोरीला ओवलेल्या निळ्या, हिरव्या, तपकिरी पावसाळी चपला दुकानाच्या दारावर, छपराच्या वाशाला, झालंच तर शेजारच्या किराणावाल्याच्या हद्दीतसुद्धा लोंबत असतात. नव्या रबराचा उग्र वास आणि पलीकडे गोणपाटावर मांडलेल्या सुक्या बांगड्यांचा वास एकत्र नाकात शिरला की मला भर बाजारात हसू फुटतं. परवाही फुटलं. दुकानदाराने विचारलं, "काय झाला वैनी?" मी म्हटलं, काही नाही, आमच्या राखणदाराच्या पायाची आठवण झाली. त्याला यात काहीच विचित्र वाटलं नाही. "तेंका व्हये काय दुसरे?" एवढंच त्याने विचारलं.

बागेत पायात काय घालून जावं, हा प्रश्न ज्याने कधी बाग केली नाही त्याला अगदी किरकोळ वाटेल. त्याने एकदा आषाढात आमच्या बागेत येऊन बघावं. साधी स्लीपर घातली तर ती प्रत्येक पावलाला चिखलाची एक चूळ तुमच्या पाठीवर उडवते. बाग फिरून परत आलेल्या माणसाला मागून बघितलं तर त्याच्या कपड्यांवर मानेपर्यंत ठिपक्यांची रांगोळी असते. शिवाय वाफ्यात पाय टाकला की स्लीपर खालीच राहते आणि आपण एका पायावर पुढे निघून जातो. चामड्याची वहाण आठ दिवसांत फुगून पापडासारखी होते आणि मग तिच्यावर बुरशीची पांढरी लव येते. जांभ्या दगडाच्या पायवाटेवर शेवाळ असं माजतं की गुळगुळीत तळाची कुठलीही चप्पल तुम्हाला थेट विहिरीपर्यंत सोडते, मध्ये थांबा नाही. मी घाटावरची, कराडकडची. आमच्याकडे उसाच्या फडात छाटलेली बुडखी असतात, त्यामुळे माणूस जेवायला बसतानाच काय ती वहाण काढतो. इथे लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी मी चपला घालून बागेच्या बेड्यापर्यंत गेले. बेडं म्हणजे बांबूच्या आडव्या दांड्यांचं फाटक. मागून सासऱ्यांचा खोकला ऐकू आला. त्यांना खोकला झालेला नव्हता.

आमचे सासरे, बाबा, मसुऱ्याच्या बाजूच्या आमच्या वाडीत बागेसाठी प्रसिद्ध. माड, पोफळी, केळी आणि पावसाळ्यात मांडवावर चढवलेली दोडकी, काकडी, पडवळ. आयुष्यभर तलाठी कार्यालयात कारकुनी केली, पण ती पोटासाठी. खरी नोकरी बागेत. त्या बागेच्या कोपऱ्यात सातवीणीच्या झाडाखाली एक काळा दगड आहे, तो आमच्या जागेचा राखणदार. इकडे प्रत्येक जागेला असा एक असतो. तो दिसत नाही, पण रात्रंदिवस जागेत फिरतो, चोराचिलटापासून, सापाकिरडूपासून राखतो. वर्षातून एकदा त्याला नारळ आणि कोंबडा मिळाला की तो खूश. तो अनवाणी फिरतो, म्हणून बेड्याच्या आत माणसानेही अनवाणीच जायचं. बाबांच्या वडिलांनी कधी चप्पल आत नेली नाही, त्यांच्या आजोबांनी नेली नाही. आजोबांकडे बहुधा चप्पलच नव्हती, असं मी एकदा नवऱ्याला म्हटलं होतं. प्रमोद बँकेत नोकरीला आहे, त्यामुळे तो उत्तर देण्याआधी दाराकडे बघतो. त्याने दाराकडे बघितलं आणि उत्तर दिलंच नाही.

मी सांगते आहे तो पावसाळा कोकण रेल्वे सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली होती तेव्हाचा. मिरग होऊन गेला होता. ओल्या सोडणांचा, म्हणजे नारळाच्या सालींचा, कुजलेल्या काजूबोंडांचा आणि नव्याने फुटलेल्या हळदीचा वास एकमेकांत मिसळून पडवीपर्यंत येत होता. संध्याकाळी बाबा हातात अळूची पानं घेऊन बागेतून आले, मागल्या दारी पाय धुतले, स्वयंपाकघरात पानं ठेवली, देवाला दिवा लावला, पडवीत आले आणि फरशीकडे बघून ओरडले.

"ह्या रक्त कोणाचा?"

फरशीवर लाल पावलं उमटली होती. बाबांनी घर डोक्यावर घेतलं. माझ्या हाताची बोटं तपासली. आईंना, म्हणजे सासूबाईंना, आदोळीवर मासे कापताना लक्ष नसतं म्हणून बोलून घेतलं. आदोळी म्हणजे आमच्याकडची मासे कापायची विळी. कुत्र्याचे चारही पाय उचलून पाहिले. मग ते माग काढत निघाले. पडवीतून स्वयंपाकघरात, तिथून देवघरात, देवघरातून परत पडवीत, आणि शेवटी त्यांच्याच खुर्चीपाशी येऊन माग संपला. ते खुर्चीत बसले आणि विचारात पडले. आई दारात उभ्या होत्या.

"अवो, जरा तुमचो पाय बघा."

माडाच्या बुडाशी आम्ही मासळीचा कचरा घालतो, त्यातलं कालवाचं शिंपलं त्यांच्या अंगठ्याखाली अर्धं आत रुतलेलं होतं. बाबांनी ते स्वतःच उपटून काढलं आणि आमच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. "बघ. माका कळलासुदीक नाय," ते म्हणाले. आपण किती कणखर आहोत, हे आम्हाला पटावं असा त्यांचा आवाज होता. साखरेचा आजार त्यांना बरीच वर्षं होता. चहात साखर घालायची नाही आणि आईंचं लक्ष नसताना गूळ खायचा, एवढाच त्याचा आमच्या घरातला अर्थ.

दुसऱ्या दिवशी कणकवलीला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी जखम धुतली, मग एक नायलॉनचा बारीक दोरा घेऊन तळव्याला ठिकठिकाणी टोचत विचारलं, "कळतंय?" बाबा दोऱ्याकडे बघत प्रत्येक वेळी "हो" म्हणत होते. सरकारी कचेरीत आणि दवाखान्यात बाबा पुस्तकी मराठी बोलतात. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. बाबांनी मिटले. डॉक्टरांचा दोरा या टाचेवरून त्या टाचेवर, बोटांच्या बुडाशी, मधल्या खळग्यात फिरत होता. बऱ्याच वेळाने बाबा म्हणाले, "सुरू करा डॉक्टर. मी तयार आहे." डॉक्टर तोवर दोरा ठेवून हात धूत होते.

प्रमोद खिडकीबाहेर बघायला लागला. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की आजपासून अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. घरातही नाही आणि बागेत तर नाहीच. या वेळची जखम भरेल. पुढच्या वेळी बोट काढावं लागेल, आणि ते बोटावरच थांबेल असं सांगता येत नाही. पादत्राण कसं हवं तेही सांगितलं. पुढून बंद, आतून मऊ, जराही न चावणारं, तळ जाड आणि खाचांचा, आणि घालण्याआधी दर वेळी आत हात घालून बघायचं. "ठीक आहे डॉक्टर, मी घालतो," बाबा म्हणाले. एसटीत बसल्यावर म्हणाले, "डॉक्टराक राखणदार ठाऊक नाय. खंयचो तो?" मग माझ्याकडे बघून स्वतःच उत्तर दिलं, "घाटावरचो असतलो."

घरात त्यांनी मऊ सपाता घातल्या. त्याबद्दल तक्रार नव्हती. पण बेड्याच्या आत चप्पल न्यायची नाही म्हणजे नाही. आणि अनवाणी जाऊ द्यायचं नाही म्हणजे नाही, असं आईंनी ठरवलं. बेड्याला त्यांनी कुलूप लावलं. बांबूच्या फाटकाला कुलूप लावणाऱ्या त्या आमच्या पंचक्रोशीतल्या पहिल्या बाई असतील. शेजारीपाजारी बघायला येऊन गेले.

मग सुरू झाला पडवीतला कारभार. बाबा खुर्चीत बसून तिथूनच बाग करायला लागले. मी त्यांच्या वतीने आत, अनवाणी, कारण मला साखर नव्हती आणि राखणदाराची भीती थोडी थोडी वाटायला लागली होती. पावसाच्या आवाजावर मात करून ते ओरडायचे. "गो बाय, ती दोडकी डाव्यान गेली, ती उजव्यान घी." मी घ्यायची. "ती नाय गो, ती पडवळ." पडवीतून त्यांना पोफळीची कुठली शिंपुटी, म्हणजे सुपारीचा घड, गळते आहे ते दिसायचं, केळीच्या कुठल्या पानावर भोक आहे ते दिसायचं, फक्त मी चिखलात बसकण मारली ते दिसायचं नाही. संध्याकाळपर्यंत त्यांचा घसा बसायचा आणि माझी कंबर.

आठ-दहा दिवसांत ओरडणं कमी झालं. मग बंदच झालं. ते खुर्ची फिरवून रस्त्याकडे तोंड करून बसायला लागले. जेवताना माशाचे काटे काढून झाले तरी घास तसाच राहायचा. मी म्हटलं, केळीला कोका, म्हणजे केळफूल, आलाय. "असांदे," म्हणाले. ज्या माणसाला केळीला कोका आला की घरात मुलगा झाल्यासारखं व्हायचं, तो 'असांदे' म्हणतो, हे मला सहन होईना. मला दया आली आणि त्याहून जास्त राग आला. मी आवाज चढवून म्हटलं, बाबा, एक चप्पल घालायची तर आहे, पाय वाचतोय ना? त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "पाय ऱ्हवलो आणि बाग गेली, तर त्या पायान जाव खंय?"

यावरचं उत्तर आईंकडे होतं. त्या म्हणाल्या, "तुमी कोणाक भियतास? राखणदाराक. मगे त्येच्यावरच्याकडेन जावया. देवाक कौल लावया."

वाडीतला कुठलाही पेच शेवटी गावदेव रवळनाथाच्या देवळात जातो. लग्न, विहीर, बैल, वाटणी, सगळं. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण पायताणासाठी कौल लागल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. मालवणात जाऊन मी बाबांसाठी निळे कॅनव्हासचे बूट निवडले. मऊ, बंद, खाचांच्या तळाचे. आता प्रश्न असा, की बूट देवळात न्यायचे नाहीत आणि देवाला दाखवल्याशिवाय तो परवानगी कशी देणार? आमचे गुरव, दाजी, यांनी तोड काढली. बूट पायरीवर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायचे आणि देवाला वर्णन करून सांगायचं.

दाजींनी आवाज लावला. "बा देवा म्हाराजा..." आम्ही सगळे म्हणालो, "होय म्हाराजा." "आज ही तुजी रयत तुज्या पायाकडे येवन उभी आसा..." होय म्हाराजा. "ह्येचो पाय साखरेन बधिर झालो आसा..." होय म्हाराजा. "तर ह्येका निळ्या रंगाचो, पांढऱ्या दोरयेचो, जाड तळाचो बूट घालून आपल्या बागेत जावक तुजी परवानगी व्हयी..." होय म्हाराजा. "जा काय तुज्या मनात असात, तां उजव्या-डाव्यान दाखव रे म्हाराजा." घंटेवरून पाण्याचा थेंब पडला. एक मांजर गाभाऱ्याच्या दारातून जाऊन आलं. आणि उजवी पाकळी अलगद सुटून खाली आली. बाबांनी डोळे पुसले. मीही पुसले, आणि मला वाटलं, सुटलो.

कॅनव्हासचे बूट बाबांनी घातले आणि बेड्याचं कुलूप निघालं. पहिल्या दिवशी त्यांनी बाग नुसती बघितली. दुसऱ्या दिवशी बूट भिजले. आषाढात भिजलेला कापडी बूट वाळत नाही, हे मला, म्हणजे कोरड्या प्रदेशातल्या बाईला, सुचलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांना वास यायला लागला. आईंनी ते चुलीवरच्या उतवावर, जिथे सुके मासे आणि सोलं ठेवतात, तिथे टाकले. आठवडाभर आमच्याकडच्या सोलकढीला बुटाची चव होती आणि बाबांच्या पायांना सोड्यांचा वास. कुत्रं त्यांच्या मागे मागे बागभर फिरायचं. शेवटी एका दुपारी आईंनी चूल जरा जास्त फुंकली आणि तळ वितळून दोन्ही बूट एकमेकांना चिकटले. त्यांना वेगळं करायचा प्रयत्न प्रमोदने केला. जमला नाही.

मी लगेच दुसरी जोडी आणली. शाळेत मुलं घालतात तशी, पुढून बंद, जाळीची प्लास्टिकची सँडल. पाणी आत येणार आणि बाहेर जाणार, वाळायचा प्रश्नच नाही. बाबा ती घालून बेड्यापर्यंत आले आणि थांबले.

"ह्येका परवानगी खंय आसा?"

मी म्हटलं, देवाने दिली ना. "देवान निळ्या बुटाक दिल्यान," ते म्हणाले. "निळ्या रंगाचो, पांढऱ्या दोरयेचो. तू आयकलंस नाय? ह्येका दोरीच नाय." तलाठी कार्यालयात आयुष्य घालवलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. एका सातबाऱ्यावर घेतलेली परवानगी दुसऱ्या सातबाऱ्याला चालत नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. परत दाजी, परत गाऱ्हाणं, परत होय म्हाराजा. या वेळी डावी पडली. मी खिन्न होऊन घरी आले आणि सवयीने बाबांचे पाय तपासले. त्या सँडलने देवळापर्यंतच्या वाटेवर टाचेचं कातडं सोलून काढलं होतं, आणि त्यांना पत्ता नव्हता. मी घाटावरची, कौलाबिलावर हसणारी. त्या दिवशी मी गपचूप देवाकडे तोंड करून हात जोडले.

टाच भरून यायला श्रावण उजाडला. तिसरी जोडी प्रमोदने आणली, गुडघ्यापर्यंतचे काळे गमबूट. आत मऊ अस्तर, जाड तळ, एवढंच काय, खाचासुद्धा. बँकेतल्या माणसाने आणलेली वस्तू मजबूत असणारच. फक्त बाबा उंचीने बेताचे, त्यामुळे ते बुटात उभे आहेत की बूट त्यांच्यात, ते कळत नव्हतं. पडवीत घालून बघताना वरून पागोळ्यांचं पाणी आत भरलं आणि आत एक बेडूक आधीच राहायला आला होता हे समजलं. बाबांना ते समजलं नाही, बेडकाने उडी मारली तेव्हा आम्हाला समजलं. तरी कौल लावला. पाकळ्या चिकटल्या त्या चिकटल्याच. दाजींनी गाऱ्हाणं संपवलं, पुन्हा घातलं, पाणी प्यायले, मांडी बदलली. सरतेशेवटी दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या, टप करून.

सगळे दाजींकडे बघायला लागले. दाजींच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. पाय चोळत ते म्हणाले, "देव म्हणता, तुमचा तुमी बघा. आणि खरा सांगू? देवाक बुटातला काय कळाचा? तेच्या पायात जन्मात काय नाय."

आई ताडकन उभ्या राहिल्या. "कित्या नाय? वेतोबाक चपला चलतत. मोठे मोठे. वेंगुर्ल्याकडे लोक दरवर्सा वाहतत."

आणि ते खरं होतं. वेतोबा गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक त्याला नव्या वाहतात. या मुलखात हे शेंबड्या पोरालाही माहीत. माहीत असून इतके दिवस कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. घरी येताना आई चिखलातून झपझप चालत बोलत होत्या, पाऊस कोसळत होता आणि आम्ही मागून ऐकत होतो. वेतोबा मोठ्या गावाचा देव, त्याला चपला मिळतात. आमचा राखणदार गरिबाघरचा, त्याला कुणी आणल्याच नाहीत. तो अनवाणी म्हणून हे अनवाणी. मग आधी त्याच्या पायात घाला. मालकाने घातल्यावर चाकराने घालायला काय हरकत आहे?

बाबा रस्त्यात थांबले. छत्रीतून पाणी गळत होतं. तेवढा वेळ त्यांनी विचार केला आणि विचारलं, "त्येचो नंबर कितवो?"

तो प्रश्न घेऊन मी आणि आई मालवणला दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, कुणासाठी? आई म्हणाल्या, "राखणदाराक." दुसऱ्या कुठल्या गावात असतं तर आम्हाला बाहेर काढलं असतं. त्याने पेन कानावर ठेवलं आणि गंभीरपणे चौकशी सुरू केली. जागा केवढी? माड किती? राखणदार वयस्कर की तरुण? आईंनी सांगितलं, पणजसासऱ्यांच्या आधीपासून आहेत. "मगे बंद बूट दिव नको, तेंका वाकाक जमाचा नाय," दुकानदार म्हणाला. नंबरावर जरा चर्चा झाली. आईंचं म्हणणं, एवढी जागा राखतो म्हणजे पाय मोठाच असणार. दुकानदाराचं म्हणणं, त्याच्या वाडीतल्या राखणदाराला दहा नंबर दिला होता आणि आजवर तक्रार नाही. आम्ही अकरा घेतला. जाड चामड्याचा, अंगठ्याचा, खाली दुहेरी तळ असलेला. "ढिलो झालो तर बदलून दितंय," तो म्हणाला.

बाबांच्या पायांचं काम आईंनी घरी केलं. बेडकाचे गमबूट त्यांनी उचलले, आदोळी मांडून बसल्या आणि सुरमईची तुकडी पाडावी तसे ते घोट्याच्या वर गोल कापले. कडेला जुन्या लुगड्याची पट्टी शिवली, म्हणजे घासायला नको. आत प्रमोदचे सुती मोजे. बूट आखूड झाले, हलके झाले, पाणी आत शिरलं तरी वाकवून ओतता येऊ लागलं, आणि हात घालून बेडूक शोधणं सोपं झालं. वरच्या दोन नळ्या उरल्या, त्या त्यांनी मिरचीच्या रोपांभोवती रोवल्या, कोंबड्या उकरू नयेत म्हणून. मालवण, कणकवली, बँक आणि रवळनाथ एवढ्यांनी मिळून जे जमलं नाही ते आदोळीवर झालं.

श्रावणातल्या एका सकाळी पाऊस जरा उघडला तेव्हा आम्ही सातवीणीखाली गेलो. बाबांना उचलून न्यावं लागलं, कारण अनवाणी जायचं नाही आणि बूट अजून मंजूर नाहीत. प्रमोदने त्यांना पाठुंगळी घेतलं. दगडापुढे आईंनी केळीचं पान पसरलं, त्यावर अकरा नंबरच्या चपला ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं. दाजींना बोलावलं नव्हतं. आईंनी पदर खोचला आणि स्वतःच गाऱ्हाणं घातलं.

"बा राखणदारा, तुका ह्यो चपला हाडलेल्यो आसत." प्रमोदच्या पाठीवरून बाबा म्हणाले, "होय म्हाराजा." "इतकी वर्सां तू चिखलात-काट्यात अनवाणी फिरलंस, आमच्या ध्यानात येवक नाय, ती चूक पोटात घाल." होय म्हाराजा. "आता तू घाल आणि ह्येंका घालूक दी. ह्येंका काटो कळणा नाय, तुका कळता. तू म्होरे चल, ह्ये तुज्या मागसून येतीत." होय म्हाराजा. इथे आईंनी नाक ओढलं आणि पुढचं जरा चढ्या पट्टीत सांगितलं. "आणि ह्येंचो पाय गेलो, तर मी ह्या बागेत परत पाय ठेवचंय नाय. मगे तुका नारळ कोण फोडता तां मी बघतंय." बाबा सवयीने त्यालाही "होय म्हाराजा" म्हणाले.

कौल नाही, पाकळ्या नाहीत. आईंनी दगडाला विचारलंच नव्हतं, सांगितलं होतं. प्रमोदने बाबांना जांभ्याच्या पायरीवर बसवलं. मी बुटांत हात घालून बघितला आणि आईंनी ते त्यांच्या पायांत चढवले. बाबा उठले, क्षणभर कान देऊन उभे राहिले आणि चालायला लागले. चार पावलांवर दोडकीचा वेल मी चुकीच्या बाजूला चढवलेला त्यांना दिसला. त्यांनी मला जे काही ऐकवलं, ते मी इतक्या आनंदाने आजवर कुणाचं ऐकून घेतलेलं नाही.

गणपती होऊन गेल्यावर कणकवलीला पाय दाखवला. एक ओरखडा नव्हता. डॉक्टरांनी बूट उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, हे कुठे मिळाले? बाबा पुस्तकी मराठीत म्हणाले, "आमच्या घरी मासे कापण्याच्या विळीवर तयार होतात." डॉक्टरांनी अजून एक जोडी मिळेल का, म्हणून विचारलं. दुसऱ्या एका पेशंटसाठी हवी होती.

त्या संध्याकाळी मी चहा घेऊन पडवीत आले. ओल्या मातीवर भाद्रपदातलं पिवळं ऊन पडलं होतं आणि बागेतून रातकिड्यांचा आवाज सुरू झाला होता. बाबा खुर्चीत मोजे घातलेले पाय स्टुलावर टाकून बसले होते. समोर जमिनीवर आई, मांडीवर एक बूट पालथा. बांगडीतली पिन काढून त्या तळातले काटे काढत होत्या. शेजारी फरशीवर काढलेला ऐवज पडला होता. लाजाळूचे काटे, करवंदीचे काटे, माशाचं एक हाड, शिंपल्याची कपची, कुठल्यातरी कुंपणातला गंजका खिळा. मी ते बघून तशीच उभी राहिले. आई मान वर न करता म्हणाल्या, "ह्या सगळा मी पायातसून काढी होतंय गो. लगीन झाला तेवापासून. सांजेक बसाचा आणि ह्येंचे काटे काढूचे. तेवा ह्ये बोंबलत."

बाबा फरशीवरच्या खिळ्याकडे बघत होते. बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. त्यातलं काहीही आपल्याला कळलं नव्हतं, हे त्यांना त्या वेळी पहिल्यांदा कळलं असावं. आईंनी बूट उजेडाकडे धरला. टाचेपाशी बेलाचा एक लांब काटा पार आत गेला होता. त्यांनी पिन खुपसली आणि जोर लावला.

बाबांनी स्टुलावरचा पाय झटकन मागे घेतला. "हळू गो," ते म्हणाले.

आईंचा हात थांबला. त्यांनी वर बघितलं. "दुखला?"

"होय," बाबा म्हणाले.

आईंनी बुटाच्या टाचेवर हलकेच फुंकर घातली आणि मग सावकाश काटा काढला.